कोणते कपडे ड्रायरमध्ये वाळवावे?

आषाढ-श्रावणात ओले कपडे कोठे व कसे वाळवावे, हे आपल्या देशातील असंख्य घरांपुढील नित्याचे कोडे आहे. कोकणात, केरळात, आसामात किंवा मेघालयात कित्येक दिवस उन्हाचे दर्शन होत नाही. वलणीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमटच राहतो, त्याला कुबट वास येऊ लागतो, आणि मुलांचा शाळेचा गणवेश सकाळी इस्त्रीच्या उष्णतेवर कसाबसा कोरडा करावा लागतो. मोठ्या शहरांतील सदनिकांना गच्ची नसते, अंगणही नसते. तेथे ही अडचण बाराही महिने भासते. म्हणून अशा काही घरांतून आता कपडे वाळविणारे यंत्र, म्हणजेच ड्रायर, आले आहे.

या यंत्राने मोठी सोय होते, यात संशय नाही. परंतु ओला कपडा आत घातला की तो कोरडा होऊन बाहेर येणारच, एवढ्याच समजुतीवर ते चालविले, तर मोठ्या माणसाचा लोकरी स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन हाती येतो. क्वचित प्रसंगी याहूनही मोठा अनर्थ ओढवतो. म्हणून कोणते कापड या यंत्रात घालावे व कोणते घालू नये, हे घरातील प्रत्येकाने एकदा नीट समजून घेणे हिताचे आहे.

यंत्राची ओळख

आपल्याकडे 'ड्रायर' हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लावला जातो. दोन टाक्यांच्या धुलाई यंत्रातील लहान टाकीलाही आपण ड्रायर म्हणतो. पण ती टाकी कपडे फक्त वेगाने फिरवून पिळते. तेथे उष्णता नसते आणि कपडे थोडे ओलेच बाहेर येतात. या लेखात ज्याचा विचार करावयाचा आहे, त्या यंत्रात कपडे एका मोठ्या पिंपात उलटसुलट पडत राहतात व त्यांच्यातून गरम हवा खेळविली जाते. कपडे पूर्ण कोरडे होतात ते या दुसऱ्या प्रकारात.

या यंत्रात कापडाला तीन गोष्टी एकाच वेळी सोसाव्या लागतात: उष्णता, ओलेपणा आणि सततची आदळआपट. दोरीवर वाळणाऱ्या कपड्याला यांपैकी ओलेपणाच काय तो सोसावा लागतो, उन्हात घातला तर थोडी उष्णताही. एखादे कापड यंत्रात टिकेल की नाही, हे त्याच्या किमतीवरून ठरत नाही. त्याचा धागा या तिन्ही गोष्टी एकत्र सोसू शकतो की नाही, यावरून ठरते. ही एक कसोटी मनात ठेवली, तर पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

कोणत्या धाग्याचा स्वभाव कसा

सुती कापड या यंत्राला सर्वांत अधिक मानवते. सूत ओले असताना अधिक बळकट होते, आणि उष्णताही ते बऱ्यापैकी सोसते. टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे, गंजिफ्रॉक, लहान मुलांची दुपटी व लंगोट हे सर्व निर्धास्तपणे घालावेत. टॉवेल तर दोरीपेक्षा यंत्रात अधिक मऊ वाळतो, कारण फिरताना त्याचे उभे धागे मोकळे होतात. सुती कापडाचा दोष एकच, ते आटते. विणताना व गिरणीत पुढील संस्कार होताना धागे ताणलेले असतात. पाणी व हालचाल मिळताच ते आपल्या मूळ लांबीकडे परततात. गिरणीतच कापड आधी आटवून घेण्याची एक यांत्रिक रीत अमेरिकेतील सॅनफर्ड क्लूएट यांनी शोधून काढली. जुन्या पिढीला कापडाच्या काठावरील 'सॅन्फोराइज्ड' हा शिक्का आठवत असेल. तो या रीतीचाच. खादी व हातमागाच्या कापडावर असा संस्कार बहुधा झालेला नसतो. त्यामुळे खादीचा सदरा किंवा हातमागाचे पोलके दोरीवर सावलीत वाळविणेच श्रेयस्कर. सहावारी किंवा नऊवारी सुती साडी यंत्रात पिळा पडून दोरखंडासारखी होते. तिचे बाहेरचे पदर कोरडे होतात आणि आतील घड्या ओल्या राहतात. खळ केलेले कपडेही यंत्रात घालू नयेत. त्यांचा ताठपणा जातो आणि खळीचा अंश पिंपाला चिकटतो.

लोकरीची गोष्ट अगदी निराळी. लोकरीच्या तंतूवर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढलेली बारीक खवले असतात. ओल्या व उबदार लोकरीला आदळआपट मिळाली, की ही खवले एकमेकांत अडकतात. तंतू पुढे सरकतो, पण मागे येऊ शकत नाही. कापड आक्रसून नमद्यासारखे घट्ट होते, आणि एकदा असे झाले की ते पूर्ववत करता येत नाही. म्हणून स्वेटर, शाली, पश्मिना व घोंगडी यांना हे यंत्र वर्ज्य समजावे. स्वेटर टॉवेलात गुंडाळून हलकेच दाबावा व सपाट पसरून वाळवावा. काही लोकरीवर आटू नये म्हणून विशेष प्रक्रिया केलेली असते. तेथे चिठ्ठीवरील सूचना प्रमाण मानावी.

रेशीम घर्षणाने आपली झळाळी गमावते. पैठणी, बनारसी, कांजीवरम ही वस्त्रे तर घरी धुण्याचीही नव्हेत, मग यंत्राची गोष्ट दूरच. जर, टिकल्या, आरसे व खडे लावलेली कोणतीही वस्त्रे, लखनौचे नाजूक चिकनकाम, तसेच रंग जाणारी बांधणी यांनाही हाच नियम लागू करावा. दिसावयास रेशमासारखे असलेले रेयॉनचे कापड ओले असताना फार दुबळे होते आणि आटतेही. तेही बाहेरच राहू द्यावे.

पॉलिएस्टर, नायलॉन आणि टेरीकॉट यांचा स्वभाव पुन्हा वेगळा. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषीतच नाही, म्हणून हे कापड थोड्या वेळात वाळते. परंतु सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या घरात हा धागा नरम पडू लागतो. त्या स्थितीत कपडे ढिगाने पडून राहिले, तर त्यांवर पडलेल्या चुण्या थंड होताना पक्क्या होतात व इस्त्रीलाही सहज दाद देत नाहीत. हे कपडे कमी उष्णतेवर, थोडाच वेळ फिरवावेत आणि यंत्र थांबताच काढून झटकून ठेवावेत. गणवेशांचे बहुतेक कापड या प्रकारात मोडते, तेव्हा पावसाळ्यात पालकांना या सूचनेचा उपयोग होईल.

इलॅस्टिक लावलेले किंवा ताणले जाणारे कपडे उष्णतेने हळूहळू निकामी होतात. पायमोजे, पोहण्याचे पोशाख व अंतर्वस्त्रे दोरीवरच वाळवावीत. रबर, फोम अथवा प्लॅस्टिकचा थर असलेल्या वस्तू, जसे की साधे रेनकोट, रबरी पाठीचे पायपुसणे, फोमच्या उशा, या कधीही यंत्रात घालू नयेत. त्या वितळण्याचा व पेट घेण्याचा धोका असतो.

चिठ्ठीवरील खुणा

तयार कपड्याच्या आत शिवलेली लहान चिठ्ठी आपण बहुधा टोचते म्हणून कापून टाकतो. तसे करू नये. तिच्यावरील खुणांना भाषेची अडचण नाही. त्या अनेक देशांत सारख्याच वापरल्या जातात. चौकोनात वर्तुळ असेल, तर ती ड्रायरची खूण होय. वर्तुळात एक ठिपका असल्यास कमी उष्णता, म्हणजे ६० अंशांपर्यंत. दोन ठिपके असल्यास नेहमीची, म्हणजे ८० अंशांपर्यंत. या खुणेवर फुली असली, तर ते कापड यंत्रात घालू नये. चौकोनात मधोमध आडवी रेघ असेल, तर कपडा सपाट पसरून वाळवावा. शिंप्याकडून शिवून घेतलेल्या कपड्यांना अशी चिठ्ठी नसते. त्यांचे कापड विकत घेतानाच दुकानदारास धाग्याविषयी विचारून ठेवावे.

तेलकट कापडाचा धोका

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. स्वयंपाकघरातील तेलकट फडकी, बाळाला तेल लावताना वापरलेली दुपटी, दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतरचे पंचे हे कपडे धुतल्यानंतरही ड्रायरमध्ये घालू नयेत. साध्या धुण्याने तेलाचा सर्व अंश निघून जात नाही. वनस्पती तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना स्वतः उष्णता निर्माण करते; जवस, करडई, सूर्यफूल यांच्या तेलांत ही प्रवृत्ती विशेष असते. असे कापड यंत्रात तापले आणि नंतर ढिगाने पडून राहिले, तर आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही, ती वाढत जाते, आणि ठिणगीवाचून कापड पेटते. यंत्र थांबल्यावर काही तासांनीही असे घडू शकते. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन किंवा डाग काढण्याचे द्रव लागलेल्या कपड्यांनाही हीच मनाई आहे. असे कपडे मोकळ्या हवेत, दोरीवर सुटे सुटे वाळवावेत.

याच कारणासाठी यंत्राच्या फेरीचा शेवटचा भाग उष्णतेविना चालतो. घाईने यंत्र मध्येच बंद करू नये. करावेच लागले, तर सर्व कपडे तत्काळ बाहेर काढून पसरावेत.

नित्याची दक्षता

प्रत्येक वेळी यंत्राची जाळी साफ करावी. साचलेल्या लवीने हवा कोंडते, वीज अधिक लागते व आगीचे भय वाढते. या लवीकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे. ती आपल्याच कपड्यांची झीज आहे. जे कापड उन्हात वाळू शकते, ते यंत्रात का घालू नये, याचे उत्तर त्या मूठभर लवीत मिळते.

धुणे व वाळविणे एकाच यंत्रात होत असेल, तर वाळविण्याची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते, हे ध्यानात ठेवावे. धुण्यासाठी ८ किलो कपडे घेणारे यंत्र एका वेळी ५ किलोच वाळवील, असे पुष्कळदा आढळते. जाड व पातळ कपडे वेगवेगळे घालावेत. नाही तर टॉवेल वाळेपर्यंत सदरे करपल्यासारखे कडक होतात. सुती कापडात एरवीही थोडी आर्द्रता असतेच. ती पार घालविली, तर कापड खरखरीत होते. किंचित दमट असतानाच कपडे काढून पंख्याखाली टाकल्यास कापडही वाचते आणि विजेचे बिलही. ज्या यंत्रातून दमट हवा बाहेर पडते, त्याची नळी खिडकीबाहेर सोडावी. अन्यथा कपड्यांतील ओल घराच्या भिंतींत जाते. घरात लहान मुले असल्यास यंत्राचे दार सदैव बंद ठेवावे व सुरू करण्यापूर्वी आत पाहून घ्यावे.

वाचकहो, ऊन असेल त्या दिवशी दोरी, आणि ते नसेल त्या दिवशी टॉवेल, चादरी व मुलांच्या कपड्यांपुरते यंत्र, एवढा विवेक पाळला तर या साधनाचा पुरेपूर लाभ होईल. आजीची शाल आणि आईची पैठणी मात्र सावलीतल्या वाऱ्यावरच वाळू द्यावी. त्यांना वेळ थोडा अधिक लागतो. पण ती वस्त्रे पुढच्या पिढीच्या अंगावरही शोभतील.