मावशी कसली, लांबची चुलत बहीण

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिराबाहेर फुलवालीच्या टोपलीआडून एक मांजरी निघाली. तोंडात मानगुटीला धरलेलं पिल्लू, पाय पोटाशी घेऊन निपचित लोंबणारं. सोबतची भाची ओरडली, "मावशी, ती बघ वाघाची मावशी!"

हे मंदिर तेंकलै वैष्णवांचं. भक्तानं देवावर भार टाकावा तो या पिल्लासारखा, स्वतः काहीही न धरता, असा त्यांचा मार्जारन्याय. दुसऱ्या पंथाचा, वडकलैंचा, मर्कटन्याय: माकडाचं पोर आईला घट्ट कवटाळतं, तसं भक्तानंही धरून राहावं. पिल्लू असं तोंडात उचलून नेण्यात मांजरी, वाघीण आणि बिबट्याची मादी सारख्याच. मावशीचं नातं मात्र टिकत नाही.

लिनियसनं 1758 मध्ये सिंह, वाघ, बिबट्या आणि घरचं मांजर सगळ्यांना 'फेलिस' या एकाच प्रजातीत घातलं होतं. 2006 मध्ये डीएनएवरून वंशावळ लागली, तेव्हा कळलं की वाघ-सिंहांची पाती सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी सगळ्यांत आधी वेगळी झाली. मांजर शेवटी फुटलेल्या दोन पात्यांपैकी एकीतलं. म्हणजे ते वाघापेक्षा चित्त्याला जवळचं! चित्ता डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुरघुरतो.

आपण बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतो. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी कडी असतात. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ. काळा बिबट्या ही वेगळी जात नाही. तिरप्या उन्हात त्याच्या अंगावर तीच कडी दिसतात. आणि देवळात नरसिंहाचा मान मोठा असला, तरी मार्जार कुलात आकारानं सगळ्यांत मोठा वाघच.

नावांनी तर भलताच घोळ घातलाय. पूजेसाठी लागणारं पुनुगु हे सुगंधी द्रव्य ज्याच्यापासून मिळतं, त्याला तमिळमध्ये 'पुनुगु पूनै' म्हणतात; पूनै म्हणजे मांजर. आपणही त्याला जवादी मांजर म्हणतो. पण ते मार्जार कुलातलं नाहीच, शेजारच्या कुलातलं. पाणमांजर तर थेट कुत्र्या-अस्वलांच्या फांदीवरचं. उलट, कुत्र्यासारखं दिसणारं तरस मांजरांच्या फांदीवर बसतं.

2017 च्या फेरमांडणीत मार्जार कुलात 41 जाती धरल्या आहेत. 'मोठी मांजरं' म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो, त्या वाघ-सिंहांच्या पातीत त्यातल्या जेमतेम सात. बाकीच्यांत जगातल्या सगळ्यांत लहान मांजरांपैकी एक आहे, तांबूस ठिपक्यांचं, दीड किलोच्या आतबाहेरचं. शास्त्रात त्याची नोंद झाली 1831 मध्ये, इथून तीन-साडेतीन तासांवरच्या पुद्दुचेरीच्या नमुन्यावरून. आपल्याकडे ते जुन्नरच्या उसातही सापडतं. ऊसतोडीत त्याची पिल्लं दिसली, की "बिबट्याची पिल्लं!" म्हणून हाकाटी होते.

भाचीला हे सगळं सांगेपर्यंत मांजरी दुसरं पिल्लू न्यायला परत आली होती.