बाळाचा जन्म आणि डब्ल्यू-फोर
(लेखमाला: अमेरिकेतला पगार आणि कर)

मागच्या आठवड्यात पगाराच्या पावतीवरचे कपातीचे रकाने वाचले. त्यातली संघीय करकपात ठरते डब्ल्यू-फोर या फॉर्मवरून. नोकरीला लागताना भरलेला हा फॉर्म पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि दरम्यान घरात पाळणा हलतो. आरोग्य विम्यात बाळाचं नाव घातलं म्हणून करकपात बदलत नाही. नवा डब्ल्यू-फोर आपणच द्यावा लागतो. तो वर्षात केव्हाही देता येतो.

२०२० पासून त्यात ‘अलाउन्स’ उरलेले नाहीत, तिसऱ्या टप्प्यात थेट डॉलर लिहायचे. सतरा वर्षांखालच्या मुलामागची सवलत २०२५ च्या कायद्याने २,००० वरून २,२०० डॉलर झाली. पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरत असतील, तर वार्षिक उत्पन्न चार लाखांपर्यंत ती पूर्ण मिळते. बाळ ३१ डिसेंबरला जन्मलं तरी सवलत अख्ख्या वर्षाची. दर पंधरवड्याला पगार असेल तर २,२०० भागिले २६, म्हणजे प्रत्येक पगारात सुमारे ८५ डॉलर जास्त हातात येतात. ते परताव्याची वाट न पाहता आत्ताच घ्यावेत, असं मला ठामपणे वाटतं. पाळणाघराचं बिल एप्रिलपर्यंत थांबत नाही.

पण ही रक्कम दोघांपैकी एकानेच लिहायची, तीही ज्याचा पगार जास्त त्याच्या फॉर्मवर. दोघांनी लिहिली तर कर तेवढाच कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना ती भरपाई करावी लागते.

त्याहून मोठा धोका दुसऱ्या टप्प्यात आहे. एच-फोर व्हिसावरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मिळाला, दुसरा पगार सुरू झाला, की प्रत्येक कंपनी आपलाच पगार हे घरातलं एकमेव उत्पन्न धरते आणि जोडप्याची पूर्ण प्रमाणित वजावट देऊन मोकळी होते. एकच वजावट दोनदा मोजली जाते. दोन्ही पगार साधारण सारखे असतील तर दोघांनीही दुसऱ्या टप्प्यातल्या चौकटीत खूण करावी. फार तफावत असेल तर आयआरएसच्या संकेतस्थळावरच्या गणकयंत्रावर हिशेब करून चौथ्या टप्प्यात जादा कपात लिहावी. बाळासाठी एकाने नोकरी सोडली, तर ती खूण दुसऱ्याच्या फॉर्मवरून काढायला विसरू नये. नाहीतर एकाच पगारावर चालणाऱ्या घरातून विनाकारण जास्त कर कापला जाईल.

बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर हवाच. त्याचा अर्ज रुग्णालयात जन्मनोंदणीबरोबरच करता येतो. भारतात जन्मून एच-फोरवर आलेल्या मुलाला सहसा हा नंबर मिळत नाही. त्याच्यासाठी आयटीआयएन काढावा, सवलत ५०० डॉलरचीच मिळते. आणि पुण्या-सांगलीत राहणाऱ्या भारतीय नागरिक आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवत असलात, तरी ते या फॉर्मवर अवलंबित म्हणून धरता येत नाहीत.

राज्याचा फॉर्म वेगळा. न्यू जर्सीच्या एनजे-डब्ल्यू-फोरबद्दल पुढच्या आठवड्यात.