वेल लांबते, भरत नाही

ग्रिलवरून, पडद्याच्या दांडीवरून, टीव्हीमागून फिरवत नेलेली मनी प्लांटची वेल पुष्कळ घरांत दिसते. लांबी दहा-बारा फूट. पण कुंडीपाशी नुसता उघडा दांडा आणि टोकाला चार पानं. ती भरायची तर कात्री लावावी लागते.

कापताना पानाकडे नाही, पेराकडे बघायचं. पान जिथून फुटतं तिथे खोडावर एक कडं असतं आणि त्याच्याजवळ तपकिरी बोंड. तेच पुढे मूळ होतं. पानाच्या बगलेत डोळा असतो, उसाच्या कांडीला असतो तसा. मी पेराच्या बोटभर खाली काप घेते. एक पेर, एक पान एवढं कटिंगही पुरतं. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर बरेच दिवस हिरवं राहतं, पण डोळा नसल्याने त्याची वेल होत नाही. शेंडा गेला की कुंडीतल्या दांड्यावरचे झोपलेले डोळेही जागे होतात.

कटिंग बाटलीत ठेवताना पेर पाण्यात, पान बाहेर. उबदार हवेत दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसू लागतात. पण साचलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या एडिस डासालाही आवडतं. त्याची अंडी बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, म्हणून दर आठवड्याला पाणी तर बदलायचंच, बाटलीही आतून घासायची.

मुळं बोटभर झाली की ती कटिंगं त्याच कुंडीत, उघड्या दांड्याभोवती लावायची. माती, कोकोपीट आणि गांडूळखत पुरे. वरची बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात पानं पिवळी पडली तर आधी मूळ चिमटीत धरून बघावं. सडलेल्या मुळाची साल निसटते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो.

पानांवरच्या पिवळ्या-पांढऱ्या भागात हरितद्रव्य कमी असतं, म्हणून या वेलीला उजेड भरपूर लागतो. दुपारचं थेट ऊन मात्र नको. अंधाऱ्या कोपऱ्यात पानं हिरवीगार होत जातात. अशा वेळी जिथपर्यंत पट्टे चांगले आहेत तिथल्या पेरावर छाटावं.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाची, झाडावर चढणारी. नारळावर किंवा आंब्यावर चढली की तिची पानं हातभर होतात, कडांना चिरतात. लटकत ठेवली की लहानच राहतात. मोठी पानं हवी असतील तर ओली मॉस स्टिक द्यावी. तिला फूल जवळजवळ कधीच येत नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवणाऱ्या जनुकात बिघाड असल्याचं 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे बियांचा रस्ता बंद. कात्री हाच तिच्या वंशवाढीचा मार्ग.

पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून रांगतं मूल आणि मांजर यांच्यापासून वेल लांब ठेवा. छाटणीनंतर हात धुवा. आणि पावसाळ्याच्या तोंडाला वेल छाटायला कचरू नका. कुंडी भरेल, उरलेली कटिंगं शेजारी मागून नेतील.