इंग्लंडच्या मातींतील वायकिंग

इ. स. ७९३ सालीं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न बेटावरच्या ख्रिस्ती मठावर समुद्रापलीकडून आलेल्या लुटारूंनीं धाड घातली. तेव्हांपासून सुमारें अडीचशें वर्षें वायकिंग लोकांनीं अँग्लो-सॅक्सन राज्यांस सुखाची झोंप लागूं दिली नाहीं. हा वृत्तांत लिहून ठेविला तो बहुतांशीं मठवासी पंडितांनीं, म्हणजे ज्यांचे मठ लुटले गेले त्यांनींच. फिर्यादीची कैफियत खोटी असते असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती एकट्या फिर्यादीची असते. वायकिंगांस स्वतःची लिपि होती, तरी ग्रंथ रचण्याची चाल त्यांच्यांत नव्हती. तेव्हां त्यांची बाजू जमिनीलाच विचारावी लागते.

या चौकशींत डर्बी परगण्यांतील रेप्टन गांवाची साक्ष आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तेथील देवळाच्या तळघरांत मर्सिया राज्याचे राजे पुरले जात. ८६५ सालीं इंग्लंडांत उतरलेल्या मोठ्या वायकिंग सैन्यानें ८७३-७४ चा हिंवाळा येथें काढला व मर्सियाचा राजा बर्गरेड देशत्याग करून रोमला गेला, एवढें सांगून बखरकार पुढें जातो. १९७४ ते १९८८ या काळांत मार्टिन बिडल व त्यांच्या पत्नी बिर्थ यांनीं येथें उत्खनन केलें. देवळालगत मांडीवर जबर घाव बसलेला एक प्रौढ पुरुष पुरलेला आढळला. त्याच्या बाजूस तरवार आणि गळ्यांत रुप्याचा इवलासा हातोडा. हा हातोडा म्हणजे मेघगर्जनेचा देव थोर याचें आयुध. आपल्या वज्रपाणि इंद्राचें स्मरण व्हावें असा हा देव. शेजारींच एक तरुण होता. अस्थींतील आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेवरून हे दोघे पितापुत्र असल्याचें अलीकडे ठरलें आहे.

जवळच्या एका पडक्या वास्तूंत निदान २६४ माणसांचीं हाडें रचलेलीं निघालीं. त्यांतील पुष्कळशीं पुरुषांचीं. सोबतचीं नाणीं ८७० नंतरच्या दोनचार वर्षांतलीं. पण हाडांतील कर्बाच्या परीक्षेनें कांहीं हाडें शेंदोनशें वर्षें अधिक जुनीं ठरलीं, आणि हें सैन्य वायकिंगांचें नव्हेच अशी शंका निघाली. तिचें निरसन २०१८ सालीं कॅट जार्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें, तें मोठें मार्मिक आहे. समुद्राच्या पाण्यांतील कर्ब मुळांतच जुना असतो. मासे खाणाऱ्याच्या हाडांत तोच उतरतो व तीं हाडें आपलें वय वाढवून सांगतात. माशांचा हिशेब वजा करतांच हाडें व नाणीं एका काळावर आलीं.

रक्तपात एकाच पक्षानें केला असेंहि नाहीं. २००९ सालीं डॉर्सेट परगण्यांत वेमथजवळ रस्ता बांधतांना सुमारें पन्नास पुरुषांचे सांगाडे एका खड्ड्यांत सांपडले. मुंडकीं तोडून एका कडेस रचलेलीं. दांतांच्या रासायनिक परीक्षेवरून हे लोक उत्तरेकडील थंड प्रदेशांतले ठरले.

परंतु केवळ लुटारू म्हणून ज्यांची ओळख, त्यांचा संसार पाहावयाचा तर यॉर्क शहरीं जावें. तेथील कॉपरगेट रस्त्याखालीं १९७६ ते १९८१ पर्यंत खोदकाम झालें. या नांवांतील 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे. वायकिंगांच्या भाषेंत 'गाता' म्हणजे रस्ता. तेव्हां कॉपरगेट ही पेले घडविणाऱ्यांची आळी. आणि खरोखरच तेथें लांकडी पेले व ते कांततांना उरलेले गाभे निघाले! ओलसर जमिनींत हवा न शिरल्यामुळें लांकूड, चामडें, कापड टिकून राहिलें. कुडाच्या भिंतींचीं घरें, सांबरशिंगांच्या फण्या, चामड्याचे जोडे, रेशमी टोपी, अशा सुमारें चाळीस हजार वस्तु मिळाल्या. आमचें मन मात्र लोकरीच्या एका पायमोज्यावर बसलें आहे. तो एकाच सुईनें गुंफलेला असून जोडीतला दुसरा बेपत्ता आहे. कोणा तरी गृहिणीनें त्यासाठीं घर धुंडाळलें असेल!

रेप्टनच्या त्या हाडांत १९८२ सालीं एक तांबडा मणीहि मिळाला होता. तो अकीक दगडाचा. असा दगड भट्टींत तापवून लाल करण्याची व त्याचे मणी पाडण्याची विद्या गुजरातेंत, विशेषतः खंबायतेस, फार पुरातन आहे. हा मणीहि बहुधा गुजरातेंतूनच निघाला असावा, असें मत जार्मनबाईंनीं २०२१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें आहे. बगदादचा व्यापार आणि रशियांतील नद्या ही त्याची वाट. आम्हांस हें मत ग्राह्य वाटतें, कारण याच सैन्याच्या ८७२-७३ च्या हिंवाळी छावणींत, लिंकन परगण्यांतील टॉर्क्सी येथें, शिशाच्या शेंकडों सोंगट्यांबरोबर अरबी चांदीच्या नाण्यांचेहि शंभरांहून अधिक तुकडे मिळाले आहेत.