परग्रहांच्या शोधात – लेखांक ६ : ताऱ्याला खेटून फिरणारे गुरू

ग्रह दिसत नसला तरी त्याच्या ओढीने तारा डुलतो, आणि ते डुलणं वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यातून कळतं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आपला गुरू सूर्याला सेकंदाला जेमतेम १२ मीटर वेगाने डुलवतो, आणि त्याची एक फेरी पुरी व्हायला १२ वर्षं लागतात. त्यामुळे परक्या गुरूंचा शोध घेणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहायची तयारी ठेवली होती. १९९५मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी हा तारा सेकंदाला ५६ मीटर वेगाने डुलताना आढळला, तोही दर ४.२ दिवसांनी! गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह, आणि ताऱ्यापासूनचं त्याचं अंतर बुध-सूर्य अंतराच्या सातव्या हिश्श्याएवढं. अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात.

पण ही सगळी परस्पर मिळालेली खबर. खुद्द ग्रहाकडून काही ऐकू येईल का? हा प्रयत्न आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर. इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत.

गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात आणि त्यातून रेडिओलहरी निघतात. क्षेत्र जितकं बलवान, तितकी लहरींची कंप्रता जास्त. गुरूची मजल ४० मेगाहर्ट्झपर्यंतच. जीएमआरटी ऐकत होती १५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे जवळपास चौपट बलवान क्षेत्राचा ग्रह हवा. शिवाय आलेली लहर ग्रहाचीच, ताऱ्याची नव्हे, हे ठरवायचं कसं? त्याची युक्ती मला फार आवडते : ग्रह ताऱ्यामागे जाईपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळापुरती लहर बंद पडली, तर ती ग्रहाची.

दोन तप्त गुरूंकडून काहीच मिळालं नाही. २००९मध्ये मात्र हंस तारकासमूहातल्या हॅट-पी-११ या ताऱ्याकडून क्षीण लहरी आल्या आणि तिथला नेपच्यूनएवढा ग्रह आड गेला तेव्हा त्या थांबल्या. २०१०मध्ये पुन्हा कान लावला, तर शांतता. फ्रेंच शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ-खगोलशास्त्र संस्थेतले गोपालकृष्ण यांच्या गटाने त्याला शोध म्हटलं नाही, नुसती चाहूल म्हटलं. माझ्या मते हा संयम शोधाइतकाच मोलाचा आहे. ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र थेट मोजायला याहून चांगला मार्ग नाही, म्हणून हे ऐकणं चालूच राहायला हवं.

पहिला तप्त गुरू ज्याच्याभोवती फिरतो तो ५१ पेगासी तारा तुम्हालाही शोधता येईल. दिवाळीच्या सुमारास रात्री नऊला खडकवासल्याच्या धरणाकाठी जा. जवळजवळ डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन असेल. त्याच्या पश्चिमेकडच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेचा मध्य धरा आणि किंचित पश्चिमेला सरका. पुण्याच्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, तेव्हा द्विनेत्री न विसरता सोबत घ्या.