ज्येष्ठ नागरिकांतील स्थूलतेवरील औषधोपचार

साठ वर्षे व त्यावरील वयाच्या आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार यांसारख्या दीर्घकालीन व्याधी असलेल्या व्यक्तींना वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांच्या उपचारास ज्येष्ठ नागरिकांतील स्थूलतेवरील औषधोपचार असे म्हणतात. तरुणांच्या तुलनेत या गटात उपचाराचा लाभ आणि धोका दोन्ही अधिक असू शकतात. त्यामुळे नवे औषध सुरू करताना आधीपासून चालू असलेल्या सर्व औषधांचा फेरविचार करावा लागतो.

इतिहास
सिब्युट्रामिन हे भूक कमी करणारे औषध एकेकाळी भारतात उपलब्ध होते. ५५ वर्षे व त्यावरील वयाच्या, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवरील चाचणीत या औषधामुळे हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे २०१० मध्ये स्पष्ट झाले. भारताने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. ज्या रुग्णांना वजन घटवण्याची सर्वाधिक गरज वाटत होती, त्यांनाच औषधाने अपाय केला.

जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाप्रमाणे कार्य करणारी औषधे वेगळ्या प्रकारची आहेत. ती मेंदूतील भूक-नियंत्रणावर परिणाम करतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. भारतात टिरझेपेटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये, तर वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये उपलब्ध झाले. ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या, हृदयविकार असलेल्या परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्तींवरील चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा चाचण्यांत ७५ वर्षांवरील व्यक्तींचा सहभाग मात्र अल्प होता.

निकष
ही औषधे बीएमआय ३० किंवा अधिक असल्यास, अथवा सहव्याधी असताना २७ किंवा अधिक असल्यास दिली जातात. भारतीयांत कमी बीएमआय असतानाही शरीरातील चरबी अधिक असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांच्या २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोघांचा बीएमआय २२.३ होता, युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वृद्धापकाळी स्नायू घटतात व उंचीही कमी होते. म्हणून केवळ वजनकाट्यावर निर्णय न घेता कंबरेचा घेर, चालण्याचा वेग आणि खुर्चीवरून हातांच्या आधाराशिवाय उठण्याची क्षमताही पाहिली जाते. वजन आपोआप घटत असल्यास प्रथम त्याचे कारण शोधणे आवश्यक असते.

सहव्याधी व अन्य औषधे
औषध अल्प मात्रेत सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवले जाते. सेमाग्लुटाइडचे आठवड्याचे इंजेक्शन ०.२५ मिलिग्रॅमपासून, तर टिरझेपेटाइडचे २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होते. मात्रा किमान चार आठवड्यांनी वाढवतात. वृद्धांत ती अधिक सावकाश वाढवता येते.

* मधुमेह : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, त्यांची मात्रा डॉक्टर कमी करतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा धोका कमी असतो. दृष्टिपटलविकार असल्यास डोळ्यांची तपासणी आधी केली जाते.
* उच्च रक्तदाब : वजन घटू लागल्यावर पूर्वीच्या गोळ्यांनी रक्तदाब फार उतरून चक्कर येणे व पडणे संभवते.
* मूत्रपिंड : उलट्या व जुलाब यांमुळे निर्जलीकरण होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत त्याचा मूत्रपिंडावर गंभीर परिणाम होऊ शकतो.

पोटात सतत तीव्र वेदना होणे हे स्वादुपिंडदाहाचे किंवा पित्ताशयाच्या विकाराचे लक्षण असू शकते. स्वतःला किंवा कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असल्यास ही औषधे देत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला औषधाची माहिती देणे आवश्यक असते.

स्नायूंची हानी
घटलेल्या वजनापैकी सुमारे एक चतुर्थांश ते ४० टक्के भाग चरबीविरहित वस्तुमानाचा असल्याचे चाचण्यांत आढळले आहे. वृद्धांत यामुळे अशक्तपणा व पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारे व्यायाम हा म्हणून उपचाराचाच भाग मानला जातो. औषध थांबवल्यास घटलेले बरेचसे वजन पुन्हा वाढते. अशा वेळी स्नायूंपेक्षा चरबीच अधिक भरून येण्याची शक्यता असते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात
धाराशिव हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. उन्हाळ्यात तेथील कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. तहान व भूक दोन्ही मंदावलेल्या वृद्धास या काळात निर्जलीकरणाचा धोका अधिक असतो. इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात साठवावी लागतात आणि शीतकपाटाबाहेर मर्यादित दिवस, तीही ३० अंशांखालीच, टिकतात. त्यामुळे खंडित वीजपुरवठा ही उपचारातील प्रत्यक्ष अडचण ठरते.

तुळजापूरच्या तुळजाभवानीच्या नवरात्रात अनेक भाविक नऊ दिवस उपवास करतात. एकादशीचे उपवासही प्रचलित आहेत. भूक आधीच मंदावलेली असताना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड नेहमीच्या मात्रेत घेऊन उपवास केल्यास रक्तशर्करा घसरू शकते. उपवासाची कल्पना डॉक्टरांना आधी दिल्यास मात्रा बदलता येते.

बाजारात येताना टिरझेपेटाइडच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये, म्हणजे चार आठवड्यांसाठी १४,००० रुपये होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंत होती. पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांना ते औषध विकता येते व किंमत उतरण्यास वाव मिळतो. औषध स्वस्त झाले तरी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाचे असते. खर्चामुळे उपचार मध्येच सोडावा लागण्याची शक्यता असल्यास त्याचा विचार पहिल्या इंजेक्शनपूर्वी करणे हितावह ठरते.