गुग्गुळ, हृदय आणि लखनौची प्रयोगशाळा

लखनौस गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा नबाबी महाल आहे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथे केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले, आणि बेगमांच्या महालात परीक्षानळ्या आल्या. पुढे याच संस्थेत आपल्या देवघरातील गुग्गुळाची कसून परीक्षा झाली.

गुग्गुळ हा राजस्थान-कच्छच्या रखरखीत प्रदेशातील एका काटेरी झुडपाचा डिंक होय. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर तो सांगितला आहे. हा धागा धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी काशी हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले व १९६६ च्या प्रबंधात गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते असे दाखविले. लखनौच्या शास्त्रज्ञांनी डिंकातील गुणकारी अंश वेगळा काढला. भारतीय रुग्णांवरील चाचण्यांतही कोलेस्टेरॉल घटलेले आढळले आणि १९८० नंतरच्या दशकात 'गुग्गुलिपिड' बाजारात आले.

२००३ साली मात्र अमेरिकेतून निराळीच वार्ता आली. तेथे १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी उतरले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी चढले! काहींच्या अंगावर पुरळही उठले. आहारातील फरकामुळे असे घडले असेल काय? असेलही. पण यात लखनौकरांची नामुष्की मुळीच नाही. डिंकाचे मोजून देता येईल असे औषध त्यांनी बनविले, म्हणूनच तर ते इतरांना तपासता आले.

दुकानांतून पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांची कथा याहून गंभीर आहे. आर्जिनिन हे त्यांपैकी एक. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते व रक्तवाहिन्या सैलावतात; तेव्हा हृदयास ते हितकर असणारच, असा तर्क होता. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर तो पारखण्यात आला. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दुसऱ्या गटातील एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. डाळी-शेंगदाण्यांतही आर्जिनिन असते, पण ही गोष्ट त्या अन्नाची नव्हे, वरून घेतलेल्या मात्रेची आहे.

गुग्गुळाबाबत आणखी एक माहिती घरोघरी असावी. हृदयरोग्यांना देण्यात येणारी प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम ही औषधे गुग्गुलिपिडाबरोबर घेतल्यास शरीरात कमी शोषली जातात. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असे विचारल्यास "ते आपले घरगुती" म्हणून गुग्गुळाचे नाव गाळू नये.